तक्रारवहीतलं अक्षर

दि. १९ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी पूजा आटोपून

चि. धाकट्यास,
ताईचे मनापासून आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या भावोजींचा गुडघा कुरकुरतोय, पण डॉक्टरकडे चला म्हटलं की गृहस्थ धावून दाखवतात. न्हाणीघरातला गळका नळ मी दोरा गुंडाळून गप्प केला, प्लंबर बोलावला नाही. पाठकोऱ्या कागदावर लिहिते आहे म्हणून हसू नकोस. कॅलेंडरचं जुनं पान फेकवत नाही मला.

तू फोन उचलत नाहीस असं नाही. उचलतोस, ‘बरं ताई, कामात आहे’ म्हणतोस आणि ठेवतोस. पत्रात तुला मधेच ‘ठेवतो’ म्हणता येणार नाही, म्हणून पत्र.

लेकीच्या लग्नाची बरीचशी तयारी झाली आहे. म्हणजे झाली होती. ते पुढे लिहिते.

सोमवारी तुझ्या बायकोशी बोलणं झालं. ती सहज बोलून गेली, की तुला शेगडीवरून काढून भाज्या सोलायला बसवलंय, तीन आठवडे झाले. मी विचारलं, का गं? म्हणाली, ‘कुणा गिऱ्हाइकाने तक्रारवहीत लिहिलं म्हणे. मी खोदून विचारलं तर हे एवढंच म्हणाले, अक्षर फार सुंदर होतं. आणि हसले.’

धाकट्या, तू हसलास. फोन हातात धरून मी पोळपाटाशेजारी खालीच बसले.

आता त्या दुपारचं लिहिते. तुला ठाऊक आहे, पण हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या काचेपलीकडचं. अलीकडचं तुला कुणी सांगितलेलं नाही.

लग्न ठरवताना व्याह्यांनी विचारलं, मुलीचे मामा काय करतात? मी म्हटलं, मोठ्या हॉटेलात शेफ आहेत. शेफ आणि कुक एकच वाटलं, असं मी मनाला कितीदा सांगितलं. पण ते खोटं आहे. तूच मला एकदा समजावलं होतंस, ‘तायडे, किचनमध्ये कुक पुष्कळ, शेफ एकच. काय करायचं, कसं करायचं, ताटात कुठे काय ठेवायचं, ते तो ठरवतो. मी ते रोज जसंच्या तसं करतो. आज जसं, तसंच उद्या. आपलं डोकं चालवलं की चूक.’ मी मॅट्रिक झालेली बाई आहे, एवढा फरक मला कळतो. कळला म्हणूनच मी तो शब्द निवडला.

विहीणबाई म्हणाल्या, ‘चला की मग, मामांच्या हातचं खाऊन येऊ!’ मी म्हटलं, तो रजेवर आहे. व्याही म्हणाले, नसेना का, जागा तर बघू. जाताना आणखी एक पुस्ती जोडली मी. तिथे ओळख सांगू नका, त्याला कामात नातं काढलेलं आवडत नाही. एक खोटं झाकायला दुसरं, त्याच्यावर तिसरं. देवासमोर रोज बसणारी बाई मी.

आणि काचेमागे तू उभा. मला बघून तू पळी उंचावलीस. मी मेनूकार्ड तोंडासमोर धरलं.

सूप आलं. चौघांचे वाडगे, व्याही, विहीणबाई, होणारे जावई आणि मी. त्यांच्या तिघांच्या सुपावर मिरपुडीचं छान गोल कडं, आणि माझ्या सुपावर काहीच नाही. मिरपूड घशात गेली की मला ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं, हे तुझ्याखेरीज जगात कुणाच्या लक्षात नाही. तुझ्या भावोजींच्याही नाही. मी पहिला चमचा तोंडात घातला आणि मला कळलं, हे माझ्यासाठी आहे.

पण आपले व्याही सरकारी तपासनीस होते. चूक सापडली की त्यांना जेवण गोड लागतं. ‘हे काय, तीन एकसारखे आणि एक वेगळा? बोलवा कुणाला तरी!’ उंच टोपीतले तुमचे शेफ आले. मी व्याह्यांच्या कानाशी कुजबुजले, हे बदलीवरचे. शेफ वाडग्याकडे बघून म्हणाले, ‘माझं सूप मिरपुडीशिवाय बाहेर येत नाही. हे कुकने परस्पर केलंय. माफी असावी.’ ते आत गेले. दार उघडंच राहिलं, म्हणून ऐकू आलं.

‘चार नंबर टेबल कुणाचं?’

‘माझं, शेफ. माझी चूक, शेफ.’

तुला एका वाक्यात सुटता आलं असतं. ती माझी बहीण आहे, असं म्हणायचं होतंस. पण तू माझ्या तोंडासमोरचं मेनूकार्ड पाहिलं होतंस.

व्याह्यांनी तक्रारवही मागवली. चष्मा घरी राहिलेला. मला म्हणाले, ‘विहीणबाई, तुमचं अक्षर मोत्यासारखं, तुम्हीच लिहा.’ मी लिहिलं, धाकट्या. ‘कुकने मनाने पदार्थात बदल केला. योग्य ती कारवाई व्हावी.’ योग्य ती कारवाई! हे तर त्यांनी सांगितलंही नव्हतं. वाक्य अर्धवट वाटलं म्हणून मी माझ्या मनाने पूर्ण केलं. खाली शुद्धलेखन तपासलं. आणि मग ते सूप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, वाया जाऊ नये म्हणून.

(इथे उठले होते. डोळे धुऊन आले.)

मंगळवारी, तुझ्या सुटीच्या दिवशी, मी हॉटेलच्या मागच्या दाराशी गेले. शेफ कोथिंबिरीच्या पेंढ्या तपासत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. मग म्हणाले, ‘बहीण आहे एवढं म्हणाला असता, तर दोन शिव्या देऊन मी सोडून दिलं असतं. तीन आठवडे बटाटे सोलतोय, तोंडातून शब्द नाही त्याच्या.’

मी म्हटलं, लोकांना शेफ सांगितला, कारण कुक म्हणायची लाज वाटली.

‘बाई, मी रजा घेतली तर गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. तो नाही आला तर मला बाह्या सारून उभं राहावं लागतं, आणि चव बदलली म्हणून लोक विचारतात. मला इथे कशाची लाज वाटते सांगू? त्याच्याइतका पातळ कांदा मला अजून चिरता येत नाही.’

मी वही मागितली. माझ्याच ओळींखाली लिहिलं, की तक्रार करणारी मी त्या कुकची सख्खी बहीण, बदल माझ्या त्रासासाठी होता, हे मला ठाऊक होतं. पूर्ण नावाने सही केली. शेफ म्हणाले, मालकांना दाखवतो, सोमवारपासून तो शेगडीवर.

तिथून तशीच व्याह्यांकडे गेले. त्यांच्या बैठकीत उभ्यानेच सांगितलं. व्याही चष्मा पुसत राहिले. विहीणबाईंनी विचारलं, ‘म्हणजे काचेमागे होते ते? आणि तुम्ही समोर बसून सूप प्यायलात?’ मी मान हलवली. म्हणाल्या, ‘मामा स्वयंपाक करतात म्हणून आम्ही काही नाही म्हटलं नसतं हो. पण आता तुमच्या कुठल्या शब्दावर विसंबायचं, ते आमचं आम्हाला ठरवू द्या.’

दोन दिवस झाले, निरोप नाही. लेक माझ्याशी बोलत नाही. ताट घेऊन आतल्या खोलीत जाते आणि घासलेलं ताट आणून ठेवते. ती म्हणाली ते एकच, ‘लग्न मोडलं तर मोडू दे आई, पण मामाकडे मी कुठल्या तोंडाने जाऊ?’

मला क्षमा कर, असं लिहिणार होते. पण ते मागणंही माझ्याच सोयीचं झालं. रागाव तू. फोनवर ‘बरं ताई’ म्हणू नकोस, चांगलं तोंड सोडून बोल. मी ऐकून घेईन.

लग्न झालंच तर तू ये, असा आग्रह करायला मला जागा उरलेली नाही. आलास तर दार मी उघडीन. नाही आलास तर चारचौघं विचारतीलच, मुलीचे मामा कुठे? काय सांगायचं ते मी ठरवलंय. या वेळी शब्द निवडणार नाही. सांगेन, तो हॉटेलात कुक आहे, आणि मी त्याला ओळख दाखवली नाही, म्हणून तो आला नाही.

पाया पडावं असं वाटतं, पण तू पडू देणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणून वर आशीर्वादच लिहिले.

तुझी,
तू अजून म्हणत असशील तर,
ताई