यादीतलं दादाचं नाव

मंगळवार, संध्याकाळ. बोरीवली, दुकानातच.

गावी दादाच्या जुन्या लॅपटॉपवर फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम मीच टाकलेली. मस्करीत तिचं नाव बदलून 'दादा' केलं. वापराची माहिती बनवणाऱ्यांना पाठवायची का, असं तिनं स्क्रीनवर विचारलं. सक्ती नव्हती. तो म्हणाला, "पाठव की रे, कुणीतरी मोजतंय ना आपल्याला!" तेव्हापासून त्यांच्या वेबसाइटवर चालू सिस्टीमच्या यादीत 'दादा' दिसायचा. इथून मी रोज बघायचो.

दादा वारला, महिना झाला. लॅपटॉप बंदच आहे. महिनाभर माहिती आली नाही की नाव काढतात; आज यादीतून नाव गेलं.

गावच्या शाळेत सगळे वर्ग एकाच खोलीत; मी पळायचो तेव्हा माझ्या नावाला दादाच "हजर" ओरडायचा, मार खायचा.

आत्ता दुकानातल्या कॉम्प्युटरवरच्या तसल्याच सिस्टीमला 'दादा' नाव दिलं. माहिती पाठवायची? हो. खोटं आहे, माहितीय. त्याचं "हजर" तरी कुठं खरं होतं?