मोसेस काय म्हणाला

फुजैरा, यूएई, ४ फेब्रुवारी १९९९

त्या माणसाने आज पुन्हा माझं मनगट धरलं. मोसेस — बंदराबाहेर थांबलेल्या जहाजावरचा खलाशी. शिडीवरून पडला म्हणे. शुद्धीवर आला तो भलतीच भाषा बोलत. येत होती ती इंग्रजी पार पुसली गेलीय. एकच वाक्य, पुन्हा पुन्हा, आणि डोळे दाराकडे.

डॉक्टर म्हणाले, "बडबड आहे, सिस्टर. मेंदूला सूज आलीय."

बडबड दर वेळी अगदी तशीच असते? मला त्या खोलीत जायची भीती वाटते.

६ फेब्रुवारी

जहाजावरचा कुक आला, सायमन. मोसेसच्याच देशाचा, वानुआतूचा. हायसं वाटलं. पण तो म्हणाला, "आमच्याकडे बेटागणिक भाषा. याची मला येत नाही. बोलणारे मोजके म्हातारे उरलेत. पोरं शाळेत गेली, विसरली."

सायमन खुर्ची ओढून बसला तसा मोसेस थरथरायला लागला. घर आठवलं असेल.

घरी नवऱ्याला, रणजितला सांगितलं. "जहाजाचा एजंट बघेल ना. तुझी ड्यूटी झाली, खलास." पर्णिका टीव्हीवरून मान न वळवता — "मम्मा, व्हाय कान्ट ही जस्ट स्पीक इंग्लिश?"

९ फेब्रुवारी

एजंटने मोसेसच्या बहिणीला गाठलं. तिकडच्या मिशन शाळेत फोन आहे. रिसीव्हर मी मोसेसच्या कानाला धरला. तो किती बोलला! रडला. पलीकडे बाईचा हुंदका.

मग सायमनने फोन घेतला. बहिणीला त्यांची सगळ्या बेटांवर चालणारी बाजाराची भाषा येते, ती त्यालाही येते; मोसेसची मात्र इंग्रजीसारखीच पुसली गेलीय. बराच वेळ ऐकत होता.

"काय म्हणाला?"

"घरी जायचंय म्हणतो. अंधाराला भितो."

एवढ्या बोलण्याचा एवढाच अर्थ? मी विचारलं नाही. उलट सायमनला रोज सोबतीला बसायची परवानगी मीच मिळवून दिली.

१० फेब्रुवारी

मोसेस आता बोलतच नाही. हे जास्त भयंकर आहे.

११ फेब्रुवारी

त्या शाळेच्या बाईंचा फोन. इंग्रजीत विचारत होत्या, "त्या कुकला पकडलं का? त्यानेच मोसेसला ढकललं. बहिणीने परवा फोनवर तुमच्या हॉस्पिटलच्या माणसाला तेव्हाच सांगितलं ना?"

रिसीव्हर टाकून धावले. सायमन पलंगावर वाकलेला, हातात उशी. "नीट करत होतो, सिस्टर." मी ओरडले. वॉर्डबॉय खैरुद्दीनने त्याला मागून धरलं.

पोलीस त्याला घेऊन गेले. मोसेस भिंतीला चिकटून माझ्याकडेच बघतोय. त्याला सांगायचंय, आता भिऊ नकोस. कसं सांगू?