दुर्वाचा टिल्लू आणि जबलपूरची थंडी

जबलपूर, सोमवार सकाळ

तीर्थस्वरूप कुमुदताईस,

अच्युतचे दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्याला पट्टी आहे, तरी जोडले). तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? आम्ही इथे तिघेही जिवंत आहोत, आणि हे वाक्य मी सहज लिहिलेलं नाही.

तिसरा म्हणजे आपल्या दुर्वाचा इग्वाना. आहे सरडाच, पण माझ्या काठीहून लांब. आणला तेव्हा तळहातावर मावायचा, म्हणून नाव टिल्लू. बँकेच्या ट्रेनिंगला हैदराबादला जाताना लेक म्हणाली, "बाबा, पाला घालायचा आणि दिवा विझू द्यायचा नाही. त्याला ऊब लागते." पद्मजानं त्या खोलीत पाऊल टाकणार नाही असं लगेच जाहीर केलं. तेव्हापासून मी एकटाच जास्वंदीची पानं तोडून राहिलो आहे, आणि स्वतःचं बीपी सोडून पिंजऱ्याचं तापमान बघून राहिलो आहे. (पट्टी त्याच्या शेपटीची. पाणी बदलताना एक फटका बसला.) तो तासन् तास हलत नाही गं! मी आपला श्वास मोजत बसतो, त्याचा आणि माझाही.

गुरुवारी सकाळी दाट धुकं, त्यात लाइट गेली. इन्व्हर्टरनंही मान टाकली. बघतो तर टिल्लू काकडीसारखा गार, डोळे मिटलेले. शेजारच्या श्यामसुंदरजींना बोलावलं. त्यांनी कानटोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "भाईसाहब, ये तो गए।" जनावरांचे डॉक्टर पाहुण्यांना घेऊन भेडाघाटला गेलेले, फोनवर म्हणाले, "धीरे-धीरे गरम कीजिए, मैं निकलता हूँ।" मी गरम पाण्याची पिशवी आणायला धावलो. दुर्वाला काय तोंड दाखवू, हेच डोक्यात.

परत येतो तो पिंजरा रिकामा! पलंगाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, मग धापा टाकत गच्चीवर गेलो. धुकं विरलं होतं. कोवळ्या उन्हात पद्मजा बसली होती, आणि तिच्या काश्मिरी शालीतून हिरवी शेपटी लोंबत होती. दुर्वाच्या तापात बोलायची ना, त्याच आवाजात बोलत होती, "काहून असा करून राहिला रे? उघड ना डोळे!" मी दारातच थांबलो. बऱ्याच वेळानं त्यानं एक डोळा उघडला, आणि शालीवरच सगळं आटोपलं. पद्मजा डोळे पुसत म्हणाली, "चलो, पोट साफ झालं."

ताई, ही धास्ती या वयात झेपत नाही. दुर्वाला ट्रेनिंगनंतर इंदूरची शाखा मिळाली, रविवारी ती त्याला तिकडे घेऊन जाते आहे. सुटलो एकदाचा.

तुझा,
अच्युत

ता. क. दुर्वा तुझंच ऐकते. तिला जरा सांग, थंडीत त्याला प्रवास सोसायचा नाही, होळीपर्यंत राहू दे. मी लिहिलं म्हणू नको, पद्मजालाही कळू देऊ नको.

आणखी एक ता. क. पद्मजानं हे वाचलं. 'होळीपर्यंत' खोडून 'पावसाळा संपेपर्यंत' लिही म्हणते. मी म्हटलं, अगं, मग परत थंडीच येणार. तर म्हणाली, "तेच तर!"