वरून तिसरा चिमटा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून दुकानातल्या सगळ्या पट्ट्या माझ्याकडे! एकतीस पट्ट्या. मॅनेजर म्हणाला, "बाई, तुम्हाला वाचनाची आवड आहे, तुम्ही डोकं लावाल." वाचनाचा आणि पट्ट्यांचा काय संबंध ते त्यालाच ठाऊक. पण मी नाही म्हटलं नाही. मागच्या खोलीत बसून साखरेच्या पिशव्यांना डिंक लावण्यापेक्षा हे बरं. इथे निदान माणसं दिसतात.

पट्टी म्हणजे प्लॅस्टिकची, हातभर लांब, बारा चिमट्यांची. फळीच्या कडेला टांगायची आणि चिमट्यांत बारीकसारीक वस्तू अडकवायच्या. चहाशेजारी गाळणी, बुटाच्या पॉलिशशेजारी नाड्या. शिकवायला पट्टीच्या कंपनीचे साहेब आले होते. वय असेल पंचवीस, पण साहेब. म्हणाले, "माणूस यादीतलं घ्यायला येतो. यादीत नसलेलं आपण त्याच्या नाकासमोर टांगायचं."

आमचे हे यादी घेऊन जायचे आणि यादी सोडून सगळं घेऊन यायचे. मीठ सांगितलं तर नखं कापायचं यंत्र. पट्टीचं खरं गिऱ्हाईक तेच होते! मला हे काम चौदा महिने उशिरा मिळालं.

साहेबांनी जाताना एक गुपित सांगितलं. भरलेल्या पट्टीला कोणी हात लावत नाही. मांडलेलं मोडायला जीव होत नाही. म्हणून वरून तिसरा चिमटा रिकामा ठेवायचा. माणसाला वाटतं, आपल्या आधी कोणीतरी घेतलंय, मग आपणही घ्यावं. काय डोकं आहे! मी लगेच एकतीस पट्ट्यांचे एकतीस चिमटे रिकामे केले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

डोकं लावलं. फसलं.

सुऱ्यांशेजारी जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्या टांगल्या. सरळ हिशोब — सुरी घेतली की बोट कापणारच. एक बाई सुरी बघत होत्या, पट्टी बघितली, सुरी हळूच जागेवर ठेवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आपली जुनीच बरी."

आणि बिस्किटांशेजारी उंदीर पकडायचे पुठ्ठे. बिस्किटं असतात तिथे उंदीर येतात, यात माझं काय चुकलं? दुपारपर्यंत बिस्किटांचा एक पुडा खपला नाही. मॅनेजर धावत आला. "बाई, लोक मला विचारतायत, दुकानात उंदीर आहेत का!" मी विचारलं, "आहेत का?" त्याने पुठ्ठे स्वतःच काढून नेले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

नणंदेचा फोन. रविवारी सोळाला गाडी घेऊन येतेय, आईला कायमची घेऊन जाते म्हणाली. "वहिनी, तुम्ही दोघी दोन खोल्यांत दोन बाजूला बसून असता. तुलाही मोकळीक, तिलाही." मी म्हटलं, "त्यांना विचारा." सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "बघू."

नका जाऊ, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. त्याऐवजी विचारलं, "पाणी गरम करू का?"

माझी नोकरी सकाळी आठ ते दोन. घरी सांगितलंय पाचपर्यंत. मधले तीन तास वाचनालयात काढते. कोणाला सांगू नये असं त्यात काही नाही, पण कोणाला सांगितलं नाही. घरी पुस्तक उघडलं की सासूबाई पावलांचा आवाज करत नाहीत. भांडंसुद्धा असं ठेवतात की जणू ते झोपलंय. एवढं सांभाळून घेतलेलं मला सहन होत नाही. मीही तेच करते, त्यांनाही होत नसेल.

शाळा चौथीत सुटली तेव्हा वाचायचं राहिलं ते आता वाचतेय. ज्ञानकोश पहिल्या पानापासून धरलाय. उंटापर्यंत आले. उंटाला तीन पापण्या असतात!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

कोणीतरी माझे चिमटे भरतंय.

सकाळी बघते तर एकाही पट्टीत तिसरा चिमटा रिकामा नाही. सगळ्यात खालची वस्तू काढून वर लावलेली. सगळी पाकिटं एका तोंडाने, धूळ पुसून. बुटांच्या नाड्यांना तर फुलासारख्या गाठी मारल्यात. मी पुन्हा एकतीस चिमटे रिकामे केले. खांदा दुखतोय.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पुन्हा भरले!!

आधी संशय दारावरच्या वॉचमनवर. दिवसभर उभा, हाताला काम नाही. विचारलं तर म्हणाला, "ताई, मला नाडी बांधता येत असती तर मी चपला घातल्या असत्या का?" ते खरं. मग मॅनेजरवर. पण त्याच्या टेबलाचा पसारा बघितला आणि संशय आपोआप गेला.

शेवटी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं — "हा चिमटा मुद्दाम रिकामा आहे. कृपया भरू नये." आणि गाळण्यांच्या पट्टीत तिसऱ्या चिमट्याला अडकवून आले. आता बघू.

सोमवार, १० फेब्रुवारी

एका गिऱ्हाइकाने ती चिठ्ठी बिलाला आणली. बिलावरच्या मुलीने यंत्राखाली चार वेळा फिरवली. यंत्र ओरडेना म्हणून मॅनेजरला हाक मारली. त्याने वाचली, लांबूनच माझ्याकडे बघितलं. मी खाली वाकून उगाच बुटाची नाडी बांधली. मी चपला घातल्या होत्या.

चिमटा अर्थात भरलेला.

घरी नणंदेचा पुन्हा फोन. सासूबाईंसाठी खिडकीजवळ पलंग टाकलाय म्हणे. सासूबाई म्हणाल्या, "खिडकी बरी." मी उगाच आमच्या खिडकीची काच पुसली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पट्टीचे साहेब आले. खूश! म्हणे पट्ट्यांवरचा माल इतका कुठेच उठत नाही. मॅनेजरने माझ्याकडे बोट दाखवलं, मी पदर सारखा केला. मग साहेबांनी बिलाच्या यंत्रातला कागद काढला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"बाई, तुमच्या वेळात चार वस्तू गेल्या. तीन ते पाच या वेळात अडतीस. तुम्ही कधी जाता?"

"दोनला."

"मग तीन ते पाच इथे काय होतं?"

मला काय माहीत! मी तेव्हा उंटाबरोबर असते. म्हणजे मी रिकामे ठेवते तेव्हा कोणी घेत नाही, आणि तो भरणारा भरतो तेव्हा लोक ओरबाडून नेतात. अपमान, अपमान म्हणतात तो हाच. उद्या बघतेच.

बुधवार, १२ फेब्रुवारी

लिहिताना तीनदा पेन खाली ठेवलं. हसून की कशाने, ते कळत नाही.

दोनला सुटले पण बाहेर पडलेच नाही. एप्रन काढून पिशवीत कोंबला आणि बादल्यांच्या थप्पीमागे उभी राहिले. एक तास उभी. एका गृहस्थाने मला बाजूला करून मागची लाल बादली घेतली आणि "आभारी आहे" म्हणाला. सव्वातीनला दारातून वॉचमनचा आवाज आला, "या आजी! आज उशीर?"

आजी म्हणजे आमच्या सासूबाई!!

आणि हातात काठी नाही! घरी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जायला ज्या बाईला काठी लागते, ती बाई तरातरा चालत थेट गाळण्यांपाशी आली. खालची गाळणी काढली, पदराने पुसली, तिसऱ्या चिमट्याला लावली. दोन पावलं मागे जाऊन बघितली. मग नाड्या. मग रुमाल. शेजारी चहा घेणाऱ्या माणसाला म्हणाल्या, "एक गाळणी घेऊन ठेवा. गाळणी फाटते ती नेमकी पाहुणे आल्यावर." तो म्हणाला, "आहे घरी." "कधीची आहे?" तो विचारात पडला. "आठवत नाही ना? मग फाटलीच असणार." त्याने दोन घेतल्या!

मग त्या म्हणाल्या, "माझी सून लावते हे सगळं. फार हुशार आहे. अशी जाडजाड पुस्तकं वाचते. मी आवाजसुद्धा करत नाही ती वाचत असली की."

मी जरा पुढे वाकले असेन. सगळ्या बादल्या खाली आल्या. मधोमध मी.

"तू इथे काय करतेस?"

"आई, तुम्ही इथे काय करता?"

"मी फिरायला आले."

"आणि गुडघे?"

"ते घरात दुखतात."

वॉचमन बादल्या गोळा करत होता आणि एक शब्द सोडत नव्हता.

घरी चालत आलो. त्यांनी सगळं सांगितलं. महिन्यापूर्वी मी चष्मा विसरले होते, तो द्यायला आल्या तर वॉचमन म्हणाला, ताई तर रोज दोनला जातात. मग त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. गेल्या गुरुवारपासून मात्र माझ्या पट्ट्या बघायला रोज तीनला यायच्या, पाचच्या आत घरी. मला म्हणाल्या, "मला वाटलं, तुला कोणीतरी भेटलाय."

मी रस्त्यातच थांबले.

"घाबरू नकोस. मी म्हटलं, बरंच झालं. तुझं वय काय आहे! आणि मध्ये मी अडगळ. म्हणून लेकीला म्हटलं, येऊन ने मला."

"आई, मी वाचनालयात असते."

"रोज?"

"रोज."

"तीन तास?"

"ज्ञानकोश वाचते. उंटापर्यंत आले."

"एवढंच?"

चक्क हिरमुसल्या! मला मेलीला हसू आवरेना, आणि मग त्यांनाही. दोघी दिव्याच्या खांबाला धरून उभ्या. लोक बघत होते. माहीत नाही शेवटचं कधी असं हसलो होतो. म्हणजे माहीत आहे. हे होते तेव्हा.

घराजवळ आल्यावर त्यांना साहेबांचे अडतीस सांगितले आणि विचारलं, "तिसरा चिमटा कशाला भरायचा पण? तो मुद्दाम रिकामा ठेवतात." तर म्हणाल्या, "सगळ्या भरलेल्या आणि मध्येच एक जागा मोकळी. तुला बघवते? मला नाही बघवत."

जिन्यात धीर केला. "वन्संकडे जाऊ नका." म्हटलं एकदाचं! आणि घाबरून लगेच पुढे म्हटलं, "तुम्ही गेलात तर माझ्या पट्ट्या कोण बिघडवणार?"

"बिघडवते? अडतीस वस्तू खपवल्या मी!"

पण राहते म्हणाल्या नाहीत. "बघू" म्हणाल्या. पलंग टाकलाय ना खिडकीजवळ.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पिशवी भरायला काढलीय त्यांनी. दोन पातळं घातली, एक काढलं. विचारायची हिंमत नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

मॅनेजरने यंत्राचा कागद आणि वॉचमनचा जबाब दोन्ही समोर ठेवले आणि मला म्हणाला, "आजींना घेऊन या." मला वाटलं, आता दोघींना हाकलतो. आणलं. त्याने उठून खुर्ची दिली. म्हणाला, साहेबांचं म्हणणं आहे की तीन ते पाच आजींनी पट्ट्यांपाशी रीतसर उभं राहावं, एप्रन घालून.

सासूबाई म्हणाल्या, "उभी नाही राहणार. स्टूल पाहिजे."

"देऊ."

"आणि चिमटे रिकामे ठेवणार नाही. कंपनीला सांगा."

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. तो म्हणाला, "ठेवू नका."

"कळवते," म्हणाल्या आणि निघाल्या. सत्तरीची बाई, पहिली नोकरी दारात आलीय, तर कळवते! मी मनात म्हटलं, हो म्हणा, हो म्हणा, हो म्हणा. रस्ताभर नुसतं रुमालांच्या घडीवर बोलल्या.

रविवार, १६ फेब्रुवारी

नणंद आली. गाडी खाली उभी. पिशवी दारात, बांधलेली. मी सकाळपासून एकच फडकं चार वेळा धुतलं.

"चल आई."

सासूबाई खुर्चीतून हलल्या नाहीत. "अगं, मला कसं जमेल? उद्यापासून ड्युटी आहे."

"कसली ड्युटी?"

"तीन ते पाच. बसून. पट्ट्या बघायच्या असतात."

नणंदेने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या आईला घाण्याला जुंपलंय. "वहिनी, हे काय? आईचे गुडघे!"

"ते घरात दुखतात," मी म्हटलं. तोंडातून गेलंच!

मग पिशवीत काय आहे ते कळलं. लेकीसाठी गाळण्या, नाड्या, रुमाल, दोन नखं कापायची यंत्रं. नणंद म्हणाली, "मला नकोयत." सासूबाई म्हणाल्या, "तुझी गाळणी कधीची आहे?" नणंद विचारात पडली. पिशवी घेऊन गेली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दोनला सरळ घरी आले. अडीचला सासूबाई ड्युटीवर गेल्या. हे गेल्यापासून पहिल्यांदा घरात मी एकटी. पुस्तक उघडलं, एक ओळ पुढे गेली नाही. मग रडले. मोठ्यांदा, नाक शिंकरत, कोणाला ऐकू जाईल ही भीती न ठेवता. सव्वापाचला त्या आल्या. माझ्या तोंडाकडे बघितलं. एप्रन खुंटीला अडकवला, पाणी प्यायल्या, शेजारी बसल्या.

"रडलीस ते बरं झालं," म्हणाल्या. "माझं सकाळी असतं. आठ ते दोन."