आर्चीच्या आजीचं जन्मगाव

८ नोव्हेंबर
मी सांगते तसंच लिही, सोने. नात असलीस तरी मध्ये स्वतःची अक्कल घालू नको.
आज मोबाईलवर स्कॉटलंडचा रग्बीचा सामना पाहिला. सोनालीचा लाडका आर्ची — मान कुठे संपते न् खांदा कुठे सुरू होतो, कळत नाही! एका चेंडूसाठी तीस जणांची झोंबाझोंबी. आमच्या नवागाम वस्तीतल्या नळावर आम्ही याहून शिस्तीत भांडायचो.
पोरगा न्यूझीलंडचा, मेंढ्या राखणारा. तीनदा खांदा निखळला, तरी सात वर्षं स्कॉटलंडकडून खेळतोय. का? तर त्याची आजी तिथे जन्मली! आजीच्या जन्मगावावर नातवाची जागा! कायदा करणारा शहाणा होता बाई.
माझा लेक भूपेंद्र सचिन गावातल्या मिलमधून आला, त्याला ऐकवलं — बघ, आजीची किंमत! तर म्हणे, "माय, आधी चहा दे."

१२ नोव्हेंबर
सोनाली रग्बीच्या अठराच्या आतल्या राज्य संघात निवडली गेली! गुडघे फुटलेले, तोंड मात्र लाडवासारखं. शेजारची मालतीबाई विचारते, "अशा पोरीला कोण करेल?" म्हटलं, पळताना जो धरेल तो!

१७ नोव्हेंबर
आर्चीचा घोटाळा झाला. पेपरवाल्यांनी शोधलं — आजी जन्मली नदीपलीकडे, इंग्लंडात. अहो, तिची आई बाळंतपणाला माहेरी गेली असेल! पहिलटकरीण दुसरीकडे कुठे जाणार? पण पोराला संघाबाहेर बसवलं.

१९ नोव्हेंबर
ती आजी मोबाईलवर रडत होती. सोनालीनं अर्थ सांगितला — "मला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्याला खेळायचं होतं, म्हणून गप्प बसले."
सोनाली चिडली. "म्हातारीनं आधीच सांगितलं असतं तर? आता त्याची सगळी वर्षं चोरीची ठरली!"
म्हाताऱ्या बाईला असं बोलू नये, म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

२० नोव्हेंबर
डोकं दुखतंय. आज काही नाही.

२१ नोव्हेंबर
सोने, पेन खाली ठेवू नको. दाखल्यावर तुझं एक वर्ष कमी आहे. तुला शाळेत घालायचं वर्ष मी चुकवलं — दिवसभर तुझ्याविना घर खायला उठलं असतं. मग मास्तरांना वर्षानं धाकटी सांगितलं. तुला अठरा होळीलाच पूर्ण झाली, पोरी. चल, चपला घाल. संघ निघायच्या आत तुझ्या सरांना मीच सांगते.