कोरी पट्टी

सोमवार, ३ जून २०२४

कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत आज रुजू झाले. खिडकीबाहेर ऊस, आत स्वच्छ टेबलं. आजऱ्याहून आल्याचा शीण उरला नाही. प्रमुख निर्मला मॅडमनी काम सांगितलं. फक्त माणसाच्याच पेशीत असणारं, कायनेज गटातलं एक प्रथिन आहे. ते सशाला टोचायचं. सशाला ते परकं, म्हणून त्याच्या रक्तात प्रतिपिंड तयार होतं. कानाच्या शिरेतून रक्त काढून ते वेगळं करायचं. मग ज्या नमुन्यात प्रथिन असेल, त्याच्या पट्टीवर ते प्रतिपिंड लावलं की काळी रेघ उमटते. नव्या माणसाच्या गालातल्या पेशी तपासायची इथली रीत. माझी रेघ ठळक आली. सशाची पट्टी कोरी, असायला हवी तशीच.

५ जून

ससे सांभाळणाऱ्या आकाराममामांनी घरून पांढरा रस्सा आणला. मटण कोवळं. दोनदा घेतलं. मग मामा म्हणाले, "मटण कुठलं ताई? चौदा नंबर हाय की!" त्या सशाचं शेवटचं रक्त काल मीच काढलं होतं. नियमानं तो जाळायचा. मामा म्हणाले, "जाळून काय करायचं? अकरा वर्सं खातोय. कायबी झालं न्हाय."

बेसिनमध्ये ओकले. दातात अडकलेला तंतू बोटानं ओढून काढला.

८ जून

माझी रेघ फिकी. नमुना पुन्हा घेतला, तेच. मॅडमची ठळक, म्हणजे रसायनं ठीक आहेत. मामांची पट्टी कोरी. तीनदा. मामा हसले, आपली कधीच येत न्हाय म्हणाले.

१० जून

तोंडात, टाळूवर केसाळ साय. रक्त येईपर्यंत घासली. जात नाही.

मामा पिंजऱ्याखालच्या ट्रेमधल्या मऊ लेंड्या तोंडात टाकत होते. चावत नव्हते, ससे स्वतःच्या गिळतात तशा गिळत होते. शिसारी आली. आणि तोंडाला पाणी सुटलं.

११ जून

रेघ जेमतेम. राजीनामा दिला. मॅडमनी वाचला नाही. माझा कान उजेडाकडे वळवून पाहिला. बोटं गार.

१२ जून, सकाळी अकरा

कोरी. पुन्हा — कोरी.

मॅडम मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, तुझ्या शरीराला आता ते प्रथिन परकं. रक्त काढून काढून आकारामच्या शिरा बसल्यात. सशाचं रक्त ते किती, तुझं —

पिंजऱ्यांच्या खोलीत आहे. बाहेरून कडी. मॅडमचा आवाज, आधी कानामागचे केस काढा. कडी सरकली. मामा, हातात वस्तरा — मी थांबा म्हणायला गेले. आवाज नाही. नुसते दात वाज—