सवतीची टिकली

मुलुंड, ५ जानेवारी १९८६

आले एकदाची सासरी. दोन खोल्यांचा ब्लॉक, वेगळं स्वयंपाकघर आणि घरातला नळ. घाटकोपरच्या चाळीत बादलीसाठी भांडलेल्या सुनंदाला आणखी काय हवं? आमचे हे बँकेत, बोलायला गोड. बिजवर म्हणून मावशीनं नाक मुरडलं होतं, तिला मुद्दाम श्रीखंड खायला बोलावणार आहे. पहिली बायको अनुपमा स्टोव्हच्या भडक्यात गेली बिचारी. तिचं सगळं ह्यांनी देऊन टाकलं, माळ्यावर गिटार तेवढी राहिली. मी ती उतरवून पुसली. शिकते म्हटलं तर हसून म्हणाले, शीक की.

८ जानेवारी

आई म्हणते, कुंकू आधी सवतीला, मग आपल्याला, नाहीतर ती छळते. खरं तर तिच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालतात, पण ह्यांना असलं खपत नाही. मग मीच अक्कल चालवली. आंघोळ झाली की पहिली टिकली गिटारच्या दांडीवर, दुसरी माझ्या कपाळावर. दांडीवर आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. ज्या फ्रेटपाशी टिकली, तो त्या दिवशीचा सूर. स्टेशनवर घेतलेल्या पुस्तकातून शिकते. जाड तार मोकळी छेडली की ई, पहिल्या फ्रेटला दाबली की एफ, तिसऱ्याला जी. सवतही खूश, धडाही पक्का. बोटांची मात्र वाट लागलीय, टोकांना फोड आलेत.

१५ जानेवारी

ए, बी, सी झाले. आज डी शिकायचा, म्हणून दहाव्या फ्रेटपाशी टिकली लावायला गेले, तर तिथे आधीच एक होती. माझ्या लाल पाकिटातली नाही, मोठी, चॉकलेटी. हे काही टिकल्या लावत बसणारे नव्हेत. तिथे तार दाबली, तशी न शिकलेल्या तारांवरही बोटं धावली आणि एक अख्खी चाल वाजली. झकास वाजली, खोटं कशाला बोलू. पण थांबायचं म्हटलं तर हात थांबेना.

२० जानेवारी

ती चाल ऐकून शेजारच्या कमलताई आल्या नि त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, ही अनुपमाची चाल. मग कुजबुजत सगळं सांगितलं. ती माहेरून स्कूटर आणत नव्हती. त्या दुपारी स्वयंपाकघराला बाहेरून कडी होती, आणि हे शांतपणे जिना उतरत होते. ताईंनी कडी काढली तोवर सगळं संपलं होतं. ह्यांनी दम दिला म्हणून पोलिसांपुढे ताई गप्प राहिल्या. मला सगळ्यांचाच संताप आलाय, मला इथे उजवून टाकणाऱ्या बापाचासुद्धा.

२४ जानेवारी

त्यानं स्कूटरचा विषय काढलाय. बाबांना लिही म्हणतो. मी नाही म्हटलं. घरात गॅस असताना स्टोव्ह नि रॉकेलचा डबा आणून ठेवला. ऑफिसला जाताना बाहेरून कुलूप लावतो.

फोड मनगटापर्यंत चढलेत. तिथे तारा कधी लागल्याच नाहीत.

२५ जानेवारी

दांडीभर चॉकलेटी टिकल्या. हात माझं ऐकत नाही. म्हटलं, अगं अनुपमा, मी तुझं काय वाकडं केलं? मला सोड, त्याला धर. मेल्याला सोडू नकोस —

वाजवणं थांबलं. ऐकलं तिनं.

२६ जानेवारी, दुपार

सुट्टी. तो घरीच. स्वयंपाकघरात रॉकेलचा वास — त्यानंच शिंपडलंय, माझ्यासाठी. स्टोव्ह पेटवायला ये म्हणून आतून हाक मारली.

हात उठला. मी नाही उठवला. बाहेरून कडी घातली — आणि आत आपोआप भडका —

फोड गेले. एकही नाही. हात मोकळा, माझाच. ती गेली.

कडी समोर आहे. दोन बोटांचं काम. तो दार बडवतोय. अगं सुनंदा म्हणतोय, पाया पडतो म्हणतोय —

उठायला हवं. एवढं वाक्य पुरं झालं की उठते, मग कडी —